सासूबाईंच्या बांगडीच्या मापाचं यंत्र

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत, की वादळात तुमच्या घरामागचं झाड पडलं, माणसं एक यंत्र घेऊन आली, आणि त्या यंत्राने सगळ्या फांद्या गिळून दुसऱ्या बाजूने चुरा काढला. धाकटी म्हणाली, "आजी, तू असलं काही पाहिलं नसशील." मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तुमची जेवणं व्हायची होती आणि हा विषय दोन मिनिटांत संपणारा नव्हता. आता माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि डॉक्टरांनी बसून राहायला सांगितलं आहे. म्हणून लिहिते. अडेल तिथे बाबांना विचारा.

मी ते यंत्र पाहिलं आहे. ते निवडायलाही मीच गेले होते. एकटी नव्हे, पण गेले होते.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. आमचा मळा सायखेड्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला. मी नाशिक शहरात वाढले, इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि लग्नानंतर मळ्यात राहायला आले. मळ्यात माझ्या इंग्रजीचा उपयोग मुख्यतः फवारणीच्या औषधांच्या बाटल्या वाचण्यासाठी होई. कोणतं औषध किती पाण्यात टाकायचं आणि ते पोटात गेलं तर काय करायचं, हे मी सगळ्यांना वाचून दाखवत असे. पोटात कोणाच्या गेलं नाही, याचं श्रेय मला कोणी दिलं नाही.

आमच्याकडे पूर्वी पेरूची बाग होती. ती काढून सासऱ्यांनी द्राक्षं लावली, आणि द्राक्षांना वाऱ्याचा आडोसा हवा म्हणून बागेभोवती शेवरी आणि सुबाभूळ लावली. सुबाभूळ त्या वर्षांत सगळेच लावत होते. ती लावावी एकदाच लागते आणि तोडावी दरवर्षी लागते, ही दुसरी माहिती सगळ्यांना उशिरा कळली. दसऱ्याच्या मागेपुढे द्राक्षाची छाटणी येई. त्याच्या आधी आडोशाच्या झाडांच्या फांद्या उतरवाव्या लागत, नाहीतर बागेवर सावली पडे. म्हणजे एकाच महिन्यात झाडांच्या फांद्या आणि द्राक्षाच्या काड्या, दोन्हींचे ढीग. जाड लाकूड छाटणीला येणाऱ्या बायका सरपणाला घेऊन जात. तो त्यांचा हक्कच होता, त्याबद्दल कधी बोलणं होत नसे. उरलेलं बारीक, ओलं, पानांसकट बांधावर पेटवून देत. ढीग तसेच ठेवूनही पाहिले होते. एका पावसाळ्यात त्यात साप राहायला आले. धुरापेक्षा साप बरे, असं घरातल्या कोणीच म्हटलं नाही.

आमचं घर बागेच्या पश्चिमेला होतं आणि त्या दिवसांत वारा पूर्वेकडून येई. शेजाऱ्यांचा धूर नदीवर जाई. आमचा आमच्याच माजघरात येई.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे तुमच्या पणजींना, दमा होता. ढीग पेटले की त्यांना श्वास घेता येत नसे. रात्र रात्र भिंतीला टेकून बसून काढत, आणि एका वर्षी तर डॉक्टरांना गाडी पाठवून आणावं लागलं. तेव्हापासून छाटणी आली की त्यांना त्र्यंबकेश्वरला त्यांच्या भावाकडे पोहोचवायचं, आणि दिवाळीच्या तोंडावर परत आणायचं, असं ठरून गेलं. भाऊ प्रेमळ होते. पण त्यांच्याकडे यात्रेकरू उतरत, घरात सदैव पन्नास माणसांचा राबता, आणि सासूबाई तिथे त्या पन्नासांतल्या एक. आल्या की म्हणत, "पाण्याचा तांब्यासुद्धा विचारून घ्यावा लागतो." स्वतःच्या घरी त्यांना विचारल्याशिवाय कोणी तांब्या घेत नसे, त्यामुळे हे दुःख केवढं होतं ते तुम्हाला कळेल.

त्या वर्षी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्या चुलीपुढून उठून ओसरीवर आल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "औंदा मी त्र्यंबकला जायची नाय."

सासरे म्हणाले, "मग?"

"छाटणी तुमची, धूर तुमचा, आन् घर सोडायचं मी? मी हितंच राहणार. धूर सहन झाला तर झाला. नाय झाला तर दिवाळीला माझ्यावाचून करंज्या करा."

करंज्या सासूबाईंशिवाय कोणाला जमत नसत. मला तर अजिबात नाही. त्या एवढंच बोलून आत गेल्या. बोलल्याप्रमाणे वागायची त्यांची सवय सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे ओसरीवर कोणी हसलं नाही.

सासरे भांडणाला उत्तर देत नसत. ते वस्तू आणत. पूर्वी एकदा पाण्यावरून भांडण झालं तेव्हा त्यांनी हातपंप बसवला होता. या वेळी ते नाशिकला शेतीच्या प्रदर्शनाला गेले आणि एक रंगीत माहितीपत्रक घेऊन आले. ते इंग्रजीत होतं. त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं.

"सूनबाई, तुमचं इंग्रजी काढा."

ओसरीवर सासरे, तुमचे आजोबा आणि सासऱ्यांचे धाकटे भाऊ बसले होते. या धाकट्या भावांना घरातले सगळे काका म्हणत. काकांना यंत्रातलं कळतं असं काकांचं मत होतं. सासूबाई दाराआड होत्या, म्हणजे सगळं ऐकत होत्या.

पत्रकावर परदेशी यंत्राचं चित्र होतं. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं, हिरवंगार. शेजारी एक गोरा माणूस उभा. त्याच्या डोळ्यांना मोठा चष्मा, कानांवर वाट्यांसारखं काहीतरी, हातात मोजे, डोक्याला शिरस्त्राण.

सासऱ्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "याला काय झालंय?"

"काही नाही. यंत्र चालवताना असं घालायचं असतं."

"एवढा आजारी माणूस कामावर कशाला ठेवला म्हणतो मी," काका म्हणाले.

मी वाचायला सुरुवात केली. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा असतो, त्यावर हे यंत्र चालतं. आत जड चाक आणि चाकाला पाती. ट्रॅक्टर किती ताकदीचा हवा ते दिलं होतं, आणि आमचा त्यात बसत नव्हता. पुढे ठळक अक्षरांत एक सूचना होती. मी तिचं भाषांतर केलं, "यंत्राजवळ सैल किंवा लोंबते कपडे घालून जाऊ नये."

सगळ्यांनी एकदम स्वतःकडे पाहिलं. सासरे धोतर आणि उपरण्यात. काका धोतर, उपरणं आणि पटक्यात. बागेत काम करणाऱ्या सगळ्या बायका लुगड्यात, कमरेला खोचलेला पदर दर तासाला सुटणारा.

"मंग यंत्र चालवायचं कोणी?" सासऱ्यांनी विचारलं.

"फक्त ह्यानं," काका तुमच्या आजोबांकडे बोट करून म्हणाले. आजोबा प्यान्ट घालत. ते घरातले एकटेच.

परदेशी यंत्र तिथेच बाद झालं. पण ती ओळ माझ्या डोक्यात राहिली, आणि पुढे आम्ही जी यंत्रं पाहिली ती मी त्या ओळीवरून पाहिली.

चौकशी केल्यावर दोन ठिकाणं निघाली. एक पिंपळगाव बसवंतला, जिथे एक कारखानदार ट्रॉल्या आणि गुरांसाठी कडब्याची कुट्टी, म्हणजे बारीक तुकडे, करायची यंत्रं बनवत असे, आणि आता फांद्यांची कुट्टीही करून देतो म्हणत होता. दुसरं नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत.

आधी पिंपळगावला गेलो. सासरे, काका, तुमचे आजोबा आणि मी. मी निघताना गोणपाटात बांधून आमच्याच बागेतल्या फांद्या घेतल्या. थोडी शेवरी, थोडी सुबाभूळ, दोन मूठ द्राक्षाच्या जुन्या काड्या. तांदूळ घेताना आपण शिजवून बघतो, तसं यंत्र घेताना आपल्या फांद्या घालून बघाव्यात, एवढाच माझा विचार होता.

काकांनी गोणपाट पाहिलं. "माहेरी चाललीस व्हय सरपण घेऊन?"

"नाही काका, यंत्राला खाऊ."

"हातात काय न्यायचं ते सुनेनं ठरवलं म्हंजी झालंच," काका म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले.

पिंपळगावला यंत्र दिसायला बराच वेळ लागला. आधी पाणी, मग चहा, मग चिवडा, मग पुन्हा चहा. बोलता बोलता सोयरीक निघाली. कारखानदाराची आत्या आमच्या चुलत घरात दिलेली होती. ही गोष्ट कळल्यापासून सासऱ्यांचा आणि त्याचा आवाज खाली आला आणि मला काळजी वाटू लागली. आपल्याकडे सोयरीक निघाली की मालाला नाव ठेवता येत नाही. सासरे आता "यंत्र" म्हणत नव्हते, "पाव्हण्यांचं यंत्र" म्हणत होते.

शेवटी अंगणात गेलो. ट्रॅक्टर एका बाजूला, यंत्र दुसऱ्या बाजूला आणि मध्ये एक लांबलचक चामड्याचा पट्टा उघडा फिरत होता. पाहुण्यांनी कडब्याच्या पेंढ्या घातल्या. छान कुट्टी झाली. काकांनी मान डोलावली, सासऱ्यांनी डोलावली.

मी गोणपाट सोडलं.

"आमच्या फांद्या घालून बघता का?"

पाहुणे हसले, पण घातल्या. सुबाभूळ आत गेली, पट्टा घसरला, यंत्राने मोठा आवाज केला आणि थांबलं. ते परत चालू केल्यावर द्राक्षाच्या काड्या घातल्या. त्या चाकाभोवती गुंडाळल्या आणि तिथेच फिरत राहिल्या. शेवरी मात्र पलीकडून बाहेर आली. जशी गेली तशीच आली, फक्त साल निघालेली.

"ओली हाय ना," पाहुणे म्हणाले. "वाळवून घाला."

"वाळवून मग पेटवतोच आम्ही," तुमचे आजोबा म्हणाले. त्या दिवशीचं त्यांचं ते एकच वाक्य.

आत काय अडकलंय ते पाहायला काका वाकले. यंत्रातलं त्यांना कळतं हे मी सांगितलंच आहे. वाकताना त्यांचं उपरणं खांद्यावरून सुटलं, त्याचं टोक पट्ट्याला लागलं आणि आम्ही काही म्हणायच्या आत उपरणं निघून गेलं. काका मोकळ्या खांद्याने उभे राहिले. उपरणं नुसतं टाकलेलं होतं, गुंडाळलेलं नव्हतं, म्हणून काका आमच्याबरोबर घरी आले. गुंडाळलेलं असतं तर ही गोष्ट मी तुम्हाला अशी लिहिली नसती. पट्ट्याने ते आतल्या चाकात ओढून नेलं होतं, आणि यंत्राच्या दुसऱ्या तोंडातून पांढऱ्या चिंध्या बाहेर पडल्या.

पाहुणे म्हणाले, "पाहिलंत? कापड बी कापतंय."

 सासरे पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "कळवतो."

मुलगी पाहून आल्यावर नकार द्यायचा असला की आपल्याकडे हाच शब्द वापरतात. पाहुण्यांना तो समजला असणार, पण ते ऐकून घेणारे नव्हते. पुढे कितीतरी वर्षं कोणत्याही लग्नात भेटले की ते सासऱ्यांना विचारत, "कळवताय ना?" आणि सासरे म्हणत, "कळवतो ना." असं त्यांचं शेवटपर्यंत चाललं होतं.

घरी आलो तेव्हा सासूबाई ओसरीवरच होत्या. "धूर जाईल का?"

"उपरणं गेलं," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी काकांच्या खांद्याकडे पाहिलं, मग आत जाऊन दुसरं उपरणं आणून दिलं. छाटणीला आता फार दिवस राहिले नव्हते. त्या रात्री जेवताना त्यांनी भावाचं नाव काढलं नाही आणि दम्याचंही नाही. त्यांच्या उशाशी औषधाची नवी बाटली आणून ठेवलेली मात्र मी पाहिली.

सातपूरला दुसऱ्याच दिवशी गेलो. तिथला कारखानदार शिकलेला, शर्टाच्या खिशात तीन पेनं, बोलायला कमी. चहा दिलाच नाही. काकांना हे फार खटकलं. "घर कसलं हे," ते मला हळूच म्हणाले. मी म्हटलं, "काका, हे घर नाही, कारखाना आहे." त्यावर ते म्हणाले, "म्हणून काय झालं?"

इथलं यंत्र दिसायला ओबडधोबड होतं, रंगही धड दिलेला नव्हता. पण पट्टा नव्हता. ट्रॅक्टरच्या दांड्याला थेट जोडायचं, आणि त्या दांड्यावर पत्र्याचं नळकांडं बसवून तो पूर्ण झाकलेला. फांद्या घालायला सुपासारखं लांब तोंड होतं, इतकं लांब की हात पुरा घातला तरी पात्यांपर्यंत पोहोचत नव्हता.

मी विचारलं, "हे तोंड एवढं लांब का केलं?"

"माणसाचा हात केवढा असतो ते मोजलं, मॅडम. त्याहून जास्त ठेवलं."

"आणि बाईचा पदर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाई कशाला यंत्रावर येईल?"

"आमच्याकडे फांद्या बायकाच ओढतात. गडी झाडावर असतात."

तो तोंडाच्या कडेला एक लोखंडी नळी आडवी धरून म्हणाला, "इथे कठडा लावून देतो. पोटाशी येईल. त्याच्या पुढे पदर जाणार नाही." हा माणूस ऐकतो, असं मला वाटलं. चहा नसला तरी चालेल.

आमच्या फांद्या त्याने स्वतः घातल्या. सुबाभूळ गेली. शेवरी गेली. द्राक्षाच्या काड्याही गेल्या, आणि मागून हाताच्या बोटाएवढे, मग त्याहून बारीक तुकडे बाहेर पडले. काकांनी या वेळी उपरणं काखेत घट्ट धरलं होतं.

पण त्याच्याकडे दोन यंत्रं होती. एक हे, आणि एक याच्या दुप्पट, ज्यात मांडीएवढं लाकूड जाई. ते पाहिल्यावर काका आणि तुमचे आजोबा, ज्यांचं कधी एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं, ते दोघेही त्याच्याशेजारी जाऊन उभे राहिले.

"घ्यायचंच तर मोठं घेऊ," आजोबा म्हणाले.

"उद्या आख्खं झाड पाडलं तरी काळजी नाय," काका म्हणाले.

कारखानदार म्हणाला, "तुमचा ट्रॅक्टर पस्तीस हॉर्सपॉवरचा. मोठं चालवताना दमेल."

"नवीन ट्रॅक्टर घेऊ मग," काका म्हणाले. तो त्यांना घ्यायचा नव्हता, म्हणून त्यांना सोपं होतं.

सासरे म्हणाले, "घरी विचारतो." हे "कळवतो" नव्हतं. त्यांना खरंच विचारायचं होतं.

घरी आल्यावर ओसरीवर मोठं की लहान हा वाद सुरू झाला, आणि तो जेवणानंतरही चालू राहिला. आजोबा मातीवर काडीने आकृत्या काढून दाखवत होते. सासूबाई कधी नव्हे त्या दाराआडून बाहेर आल्या.

"मोठ्यात काय जातं?"

"सगळं जातं, वहिनी," काका म्हणाले. "सरपणाचं लाकूड बी जातं. एक काडी उरत नाय."

"मंग बायांनी चुलीत काय घालायचं? तुमचं डोकं?"

काका म्हणाले, "त्यांना देऊ की थोडंसं."

"थोडंसं नाय. जाड ते त्यांचं. माझ्या सासूपासून चाललंय." त्यांनी आपला हात पुढे केला. "ह्या मनगटाएवढं आन् त्याच्या वर, ते बायांचं. त्याच्या खालचं तुमच्या यंत्राला घाला."

आजोबांनी विचारलं, "कारखानदाराला मनगट कसं सांगायचं?"

सासूबाई आत गेल्या. हातातली बांगडी काढायची नसते, म्हणून डब्यात ठेवलेल्या जोडातली एक हिरवी बांगडी घेऊन आल्या आणि ती माझ्या हातात दिली. "ही ने. हिच्यातून जाईल ते यंत्राचं. अडेल ते चुलीचं."

वाद संपला. लहान यंत्रात बांगडीएवढी फांदी आरामात जात होती आणि आमचा ट्रॅक्टर ती पेलत होता. मोठ्या यंत्राची गरज फक्त त्या लाकडासाठी होती, जे आम्हाला कापायचंच नव्हतं. ट्रॅक्टरची ताकद, फांदीची जाडी, बायकांचा हक्क, सगळं त्या एका बांगडीत बसलं. हे मला आधी सुचलं नव्हतं, याचं मला आश्चर्य वाटलं. मी त्या पत्रकातली सगळी मापं पाठ केली होती.

सातपूरच्या माणसाने बांगडी हातात घेऊन उजेडात धरली. "इंचात नाही का सांगता येणार, मॅडम?"

"सांगता येईल. पण घरी इंचात कोणी मोजणार नाही."

त्याने बांगडी मोजली, आणि यंत्र न्यायला गेलो तेव्हा त्या मापाचं एक लोखंडी कडं साखळीने यंत्राच्या कठड्याला अडकवून दिलं होतं. बांगडी कागदात गुंडाळून परत केली. फुटली नव्हती. त्या दिवशी चहाही दिला. काका म्हणाले, "माणूस सुधारतोय."

दसऱ्याला ट्रॅक्टर आणि यंत्र दोन्हींना झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं. फिरत्या दांड्यावरची माळ यंत्र सुरू व्हायच्या आधी मी उतरवली. दुसऱ्या दिवशी फांद्या उतरवायला सुरुवात झाली. आवाज इतका झाला की नदीपलीकडची माणसं बघायला आली. बायका कठड्यामागे उभ्या राहून एकेक फांदी आधी कड्यातून घालून बघत, मग यंत्रात सोडत. पहिला दिवस शिस्तीत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की फांदीला गाठ असते.

"गाठीकडून घाल गं, गाठीकडून. म्हंजी अडंल."

"अडली! अडली बघ. माझी झाली."

"अगं, ती करंगळीएवढी हाय."

"करंगळी का असंना, अडली ना? बाईंनी काय सांगितलंय?"

सासूबाई ओसरीवर कानात कापूस घालून बसल्या होत्या. काकांनी जाऊन तक्रार केली, की यंत्राचा निम्मा खाऊ सरपणात चाललाय. त्यांनी एका कानातला कापूस काढला, सगळं ऐकून घेतलं आणि कापूस परत घातला.

चुऱ्याचा ढीग आम्ही घराच्या आणि बागेच्या मध्ये केला. सगळ्या कामाची मी चांगली आखणी केली होती, पण या ढिगाचं पुढे काय करायचं ते कोणी ठरवलं नव्हतं. पेटवायचा नाही, एवढंच ठरलं होतं. तो जवळजवळ घराएवढा उंच झाला आणि त्याच्यावर पाऊस नको म्हणून गड्यांनी त्याला दाबून घट्ट केलं.

काही दिवसांनी पहाटे मी दूध काढायला उठले आणि पाहिलं, तर ढिगातून धूर निघत होता. आग नव्हती, ज्वाळा नव्हती. नुसता पांढरा धूर, सगळ्या माथ्यावरून, हळूहळू घराकडे येणारा.

मी तुमच्या आजोबांना हाक मारली. सासरे आले, काका आले. गड्याने पाण्याची बादली आणली. तेवढ्यात मागे दार वाजलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ढिगाकडे पाहिलं.  आत गेल्या, आणि मला खुंटीवरून पिशवी काढल्याचा आवाज आला. ज्या बाईने मरेन पण जाणार नाही म्हटलं होतं, ती आता आपण होऊन निघाली होती. सासऱ्यांचा चेहरा मी तसा त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. यंत्र आणून झालं होतं. आता आणायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

मी ढिगात हात घातला. आत गरम होतं. भाजत नव्हतं, पण अंघोळीच्या पाण्याइतकं होतं. वास घेतला. जळाल्याचा वास नव्हता, पालेभाजी उकडल्यासारखा होता. ओला पाला दाबून ठेवला की तो तापतो, हे गवताच्या गंजीबद्दल मी वाचलं होतं. खरं सांगायचं तर वाचलं होतं तेवढंच.

मी आत गेले. त्या लुगडी घड्या करत होत्या.

"आई, बाहेर या."

"कशाला? पाहिलं मी."

"तो धूर नाही. वाफ आहे. श्वास घेऊन बघा."

"मी श्वास घ्यायचा, आन् मग डॉक्टरला तू आणायचं?"

"मी तुमच्याजवळ उभी राहते. एक श्वास घ्या. लागला तर मी स्वतः तुम्हाला त्र्यंबकला पोहोचवते आणि दिवाळीपर्यंत तुमच्याजवळ राहते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर नाकाला लावून बाहेर आल्या. ढिगाच्या अगदी जवळ गेल्या. सगळे उभे होते, गडी बादली हातात धरून. त्यांनी पदर खाली घेतला आणि श्वास घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. तिसरा घेतला तेव्हा तो लांब होता. आम्ही खोकल्याची वाट पाहत होतो. तो आला नाही.

"आळूच्या पातेल्यासारखा वास येतोय," त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "मंग वहिनी, चहाचं आधण ठेवायचं का ह्याच्यावर?"

"तुमच्या चहाला एवढीच आग पुरे," त्या म्हणाल्या, आणि चुलीकडे गेल्या. सासरे तिथेच बांधावर बसले. बराच वेळ उठले नाहीत.

त्याच दिवशी ढीग पसरून द्राक्षाच्या ओळींखाली टाकला, आणि पसरल्यावर वाफ बंद झाली. दुपारी त्र्यंबकहून सासूबाईंचे भाऊ आले. छाटणी सुरू होऊन इतके दिवस झाले तरी बहीण आली नाही, म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, असं त्यांना वाटत होतं. ओसरीवर बसले, पाणी घेतलं नाही.

"ताई, काय राग धरलास? मागच्या वर्षी कोणी काही बोललं का?"

"कोणी काय बोललं नाय. आम्ही यंत्र घेतलंय."

त्यांना बागेत नेऊन यंत्र दाखवलं. ते बघून आल्यावर त्यांनी पाणी घेतलं. जाताना सासूबाईंनी त्यांना जुन्या बागेतल्या, बांधावर राखलेल्या दोन झाडांच्या पेरूंची पाटी दिली आणि म्हणाल्या, "आता येईन तेव्हा पाव्हणी म्हणून येईन. भाऊबीजेला."

त्या वर्षी करंज्या त्यांनीच केल्या. त्यानंतर त्या छाटणीला कधी घराबाहेर गेल्या नाहीत. दमा गेला नाही. तो थंडीत येई, पण धुराने कधी आला नाही. त्या गेल्या तेव्हा घरीच गेल्या, उन्हाळ्यात.

पुढे ट्रॅक्टर विकला. सुबाभूळ काढली, तिच्या जागी आता हिरवी जाळी आहे. यंत्राची पाती आणि चाक भंगारात गेलं. त्याचं पत्र्याचं लांब तोंड तेवढं शिल्लक आहे. ते गोठ्यामागे उपडं ठेवलेलं असतं, आणि पावसाळ्यात त्याच्याखाली सरपण कोरडं राहतं.